‘गैरसोय झाली’ की ‘आम्ही केली’?

प्रश्न असा आहे: “आमचा देवगडचा हापूस बागेतून थेट घरपोच पाठवायचा छोटा व्यवसाय आहे. यंदा एका आठवड्यात बऱ्याच पेट्या खराब पोहोचल्या. लोक इन्स्टाग्रामवर कापलेल्या आंब्यांचे फोटो टाकून आम्हाला टॅग करताहेत. मुलुंडच्या एका ताईंची पोस्ट तर खूपच फिरली. माफी मागायची आहे, पण मोठ्या कंपन्यांसारखं कोरडं लिहायचं नाहीये. कसं लिहू?”

मोठ्या कंपन्या कोरडं का लिहितात ते आधी सांगतो, कारण तसं लिहिणाऱ्यांत मीही होतो. चौदा वर्षं ओआरएममध्ये, म्हणजे ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंटमध्ये काढली. समाजमाध्यमांवर कंपनीचं नाव कोण कसं घेतंय त्यावर डोळा ठेवायचा आणि उत्तरं द्यायची, हे या टीमचं काम. तीन पाळ्या, ठाण्यातली एक काचेची इमारत आणि एक एक्सेल शीट. शीटमध्ये तयार उत्तरं असायची आणि त्यांना नावं होती: ‘उशीर १’, ‘उशीर २’, ‘रिफंड, राग’, ‘रिफंड, खूप राग’. ग्राहकाचं वाक्य वाचायचं, कोणत्या खणात बसतं ते बघायचं, चिकटवायचं आणि पुढच्या तिकिटाकडे, म्हणजे पुढच्या तक्रारीकडे वळायचं.

एका एक तारखेची संध्याकाळ मला अजून आठवते. क्लायंट एक बँक होती, नाव राहू दे. पेमेंट अडकत होती. खात्यातून पैसे वजा, समोरच्याला मात्र पोहोचलेले नाहीत. एका गृहस्थांनी मंगल कार्यालयातून लिहिलं, “केटररचे पैसे माझ्या खात्यातून गेले, त्याला मिळाले नाहीत. उद्या मुलीचं लग्न आहे. काय करू?” मी शीटमधून उचललं: “आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया तपशील डीएम करा.” दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. “गैरसोय? इथे आचारी भांडी उचलून निघालाय.”

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पैसे आत्ता कुठे आहेत आणि परत कधी येतील. मला ते ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते बिघाड निस्तरायला बँकेच्या वॉर रूममध्ये बसले होते आणि तिथवर आमचा फोन पोहोचत नव्हता. दोनशे रुपयांचं व्हाउचर द्यायचाही अधिकार माझ्याकडे नव्हता. माफी मागायचा मात्र होता, हवी तेवढी.

मेख इथेच आहे. माफी कोरडी वाटते ती लिहिणाऱ्याला मराठी येत नाही म्हणून नाही (कधीकधी तेही असतं). लिहिणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. ‘उद्या दुपारपर्यंत पैसे येतील’ असं लिहायला ऑपरेशन्सचा होकार लागतो. ‘चूक आमची’ असं लिहायला लीगलचा लागतो. दोन्ही होकार येईपर्यंत रात्र उलटते, आणि तोवर लिहिण्यासारखी उरते ती फक्त दिलगिरी. तुमच्या बाबतीत ऑपरेशन्सही तुम्ही, लीगलही तुम्ही आणि लिहिणारेही तुम्हीच. मोठ्या कंपन्यांना तुमचा हेवा वाटावा अशी ही स्थिती आहे.

आता शब्दांकडे येऊ. लोकल उशिरा धावत असली की फलाटावर घोषणा होते, “प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” ती ऐकून कुणी मोबाइलमधून मान वर काढताना पाहिलंय? ते वाक्य नीट बघा. गैरसोय ‘होते’. पाऊस होतो, संध्याकाळ होते, तशी. करणारा कुणी नाहीच. आपल्याकडे ‘होणे’ हे क्रियापद जबाबदारी झटकायला फार सोयीचं आहे. ‘चूक झाली’, ‘विलंब झाला’, ‘गैरसमज झाला’. तेच ‘आम्ही उशीर केला’ असं लिहून बघा, लिहितानाच बोटं अडखळतात. माझ्या शीटमधल्या एकाही उत्तरात ‘केला’ किंवा ‘केली’ नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

‘झाली’ अगदीच बाद नाही म्हणा. “आमच्या हातून चूक झाली” हे घरातल्या मोठ्या माणसाकडून ऐकलं की आपण विरघळतो. पण तिथे ‘आमच्या हातून’ आहे, हात दाखवलेला आहे. तो काढला की उरतं हवामान.

दिलगिरी आणि माफी यांतलं अंतर तर आपल्या राजकारण्यांनी सगळ्या महाराष्ट्राला शिकवलंय. “दिलगिरी व्यक्त केली, माफी मागितली नाही” हा बातमीतला ओळखीचा मजकूर आहे. दिलगीर म्हणजे मनाला वाईट वाटलेला. दुसऱ्याच्या चुकीबद्दलही माणूस दिलगीर होऊ शकतो. आणि रस्ता खणून ठेवलेल्या ठिकाणच्या पाटीवरचं ‘क्षमस्व’? संस्कृतात ते आज्ञार्थी रूप आहे: ‘क्षमा कर’. म्हणजे खड्डा आमचा, पडायचं तुम्ही, आणि वर क्षमाही तुम्हीच करायची, तशी आज्ञाच आहे.

यावर एक अभ्यासही आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक वेगळे करून लोकांपुढे ठेवले: खेद, काय बिघडलं याचा खुलासा, जबाबदारी घेणं, पुन्हा असं करणार नाही हा शब्द, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. सगळ्यांत वजनदार ठरलं ‘चूक आमची’ असं म्हणणं, त्याखालोखाल भरपाई. तळाला होती क्षमेची विनंती. म्हणजे नेमकं ‘क्षमस्व’.

मोठ्या कंपन्यांची उदाहरणं देतो, पण एखादंच नीट उघडून बघू. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची विमानं रद्द होऊ लागली. पहिल्या एकदोन दिवसांतल्या निवेदनात कंपनीने कारणांची यादी दिली: किरकोळ तांत्रिक बिघाड, हिवाळी वेळापत्रक, खराब हवामान, विमानतळांवरची गर्दी आणि वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम. या सगळ्याला त्यांनी ‘अनपेक्षित’ अडचणी म्हटलं. यातलं ‘अनपेक्षित’ वाचून मी कपाळावर हात मारला. ते नियम जानेवारी २०२४मध्ये जाहीर झाले होते आणि त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ला लागू झाला. जवळजवळ दोन वर्षं दारात उभा असलेला पाहुणा अनपेक्षित कसा? पुढे कंपनीनेच नियोजनात कमी पडल्याचं आणि अंदाज चुकल्याचं मान्य केलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर एल्बर्स व्हिडिओवर आले. त्या व्हिडिओतली माफी मला जेमतेमच वाटली. कामाची होती ती बाकीची वाक्यं: उड्डाण रद्द झालं असेल तर विमानतळावर येऊ नका, आणि परिस्थिती १० ते १५ डिसेंबरच्या दरम्यान पूर्वपदावर येईल. सुटकेसवर बसून राहिलेल्या माणसाला ‘मनापासून’ या शब्दापेक्षा या दोन वाक्यांचा उपयोग जास्त. ती दोन दिवस आधी यायला हवी होती. त्याऐवजी तेव्हा आलं ‘अनपेक्षित’.

गंमत म्हणजे त्याच्या महिनाभर आधीच आपल्याकडच्या ब्रँडांनी इन्स्टाग्रामवर खोट्या माफीनाम्यांची टूम काढली होती. लेटरहेडवर गंभीर मथळा आणि खाली ‘आमचा माल इतका चांगला आहे की तुम्हाला सोडवत नाही, त्याबद्दल क्षमा असावी’ अशा धर्तीचा मजकूर. गाड्यांपासून सिमेंटपर्यंत सगळे त्यात उतरले. लोक हसले, मीही एकदोनदा हसलो. पण लेटरहेडवरच्या माफीचा विनोद करून झाल्यावर लगेच खरी माफी मागायची वेळ आली, तर तिला कोण गंभीरपणे घेणार?

नेमका शब्द चुकला की काय होतं त्याचा नमुना म्हणजे युनायटेड एअरलाइन्स. ९ एप्रिल २०१७, शिकागोहून लुइव्हिलला जाणारं विमान. कर्मचाऱ्यांसाठी चार जागा हव्या होत्या, कुणी आपणहून उठेना, म्हणून ६९ वर्षांच्या एका डॉक्टरांना सुरक्षा अधिकाऱ्यांनी सीटवरून ओढत बाहेर नेलं. इतर प्रवाशांनी ते चित्रित केलं. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी ऑस्कर मुन्योझ यांनी माफी मागितली ती ‘या ग्राहकांची दुसरीकडे सोय लावावी लागल्याबद्दल’. रक्ताळलेल्या चेहऱ्याचा माणूस सगळ्या जगाने पाहिलेला, आणि कंपनी त्याला सोय लावणं म्हणतेय. त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात प्रवाशालाच त्रासदायक ठरवलं होतं. ते पत्र बाहेर आलं, येणारच होतं. सरळ, पूर्ण जबाबदारी घेणारी माफी त्याच्या पुढच्या दिवशी आली. महिना संपायच्या आत नवे नियमही आले: सुरक्षेचा प्रश्न नसेल तर प्रवाशाला उतरवायला पोलिसांना बोलवायचं नाही, आणि आपणहून जागा सोडणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत मोबदला. हे सगळं चांगलंच होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पहिल्या दिवसाचा शब्द.

उलटं उदाहरण ब्रिटनमधल्या केएफसीचं. फेब्रुवारी २०१८मध्ये त्यांनी माल पोहोचवणारी कंपनी बदलली, नव्या व्यवस्थेचा पहिल्याच आठवड्यात बोजवारा उडाला आणि चिकनच्या दुकानांत चिकन नाही म्हणून शेकडो दुकानं बंद पडली. मग वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली: रिकामी बादली आणि तिच्यावर कंपनीच्या नावाची तीन अक्षरं अशी फिरवलेली की इंग्रजीतली शिवी वाचावी. जाहिरातवाले अजून तिचे गोडवे गातात. मी नवख्यांना तिचं अनुकरण करू नका असंच सांगतो. तिथे कुणाला इजा झाली नव्हती, कुणाचे पैसे बुडाले नव्हते, आणि फजिती खुद्द कंपनीची होती, म्हणून विनोद खपला. शिवाय जवळचं कोणतं दुकान उघडं आहे ते सांगणारं पान त्यांनी आधीच सुरू केलं होतं, आणि जाहिरातीत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभारही होते. तुमच्याकडे ग्राहकाने आगाऊ पैसे भरलेत आणि आंबा कुजलाय. विनोद नको.

माफीच न मागण्याचंही एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी दुरुस्तीच्या प्रतीक्षेत धूळ खात उभ्या ओला स्कूटरींचा फोटो टाकला, तेव्हा कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्यावरूनच टोमणे मारले. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी जमल्या होत्या. फोटो टाकणारा कितीही खवचट असो, त्याच्यामागे मुकाट्याने उभे असलेले गिऱ्हाईक तुमचं उत्तर वाचत असतात. मुलुंडच्या ताईंना उत्तर देताना हे लक्षात असू द्या. तुम्ही त्यांच्याशी बोलताय, पण ऐकणारे बाकीचे आहेत.

भाषेचं एक. ऑक्टोबर २०२१मध्ये झोमॅटोच्या एका प्रतिनिधीने तमिळनाडूतल्या ग्राहकाला हिंदी राष्ट्रभाषा आहे, थोडी तरी यायला हवी, असं ऐकवलं. गदारोळ उठल्यावर कंपनीने तमिळमधून माफी मागितली. हे उत्तमच केलं. पण त्याच निवेदनात त्या प्रतिनिधीला काढून टाकल्याचं सांगितलं आणि काही तासांत संस्थापक दीपिंदर गोयल यांनी तिला परत घेतल्याचं जाहीर केलं. प्रशिक्षण कंपनीचं, आणि बळी गेला खालच्या माणसाचा. ‘आमच्या कुरिअरवाल्याने’, ‘आमच्या पॅकिंगच्या मुलाने’ अशी वाक्यं तुमच्याही बोटांवर येतील, ती खोडा. ग्राहकाने आंबा कुरिअरवाल्याकडून घेतलेला नाही. भाषेपुरतं म्हणाल तर ग्राहकाने मराठीत लिहिलं तर मराठीत, इंग्रजीत लिहिलं तर इंग्रजीत. मात्र ते यंत्राने उलथवलेलं मराठी नको. “आम्ही आपल्या अनुभवाबद्दल ऐकून दुःखी आहोत” असं कुठला आंबेवाला बोलतो?

‘डीएम करा’, म्हणजे खासगी संदेशात कळवा, याबद्दल लोक चिडतात. त्यात कंपनीची बाजूही आहे. पत्ता, मोबाइल, खाते क्रमांक चारचौघांत मागता येत नाही, मागूही नये. शिवाय तक्रारीखाली मिनिटभरात कंपनीसारखंच नाव आणि लोगो लावलेलं बनावट खातं उगवतं आणि ‘रिफंडसाठी या नंबरवर फोन करा’ म्हणतं. बँकेच्या कामात आमची खरी शर्यत या भामट्यांशीच असायची. त्यामुळे तपशील खासगीत घ्या, पण तिथेच पुरून टाकू नका. काम झालं की त्याच पोस्टखाली परत जाऊन दोन ओळी लिहा, “ताईंचे पैसे आज परत केले.” दहातल्या नऊ कंपन्या हे करत नाहीत. मग वाचणाऱ्याला वाटतं, तक्रार खासगीत गेली म्हणजे गायब झाली.

आता तुमचे आंबे. आधी घरातल्या घरात खरं काय ते शोधा, कारण तुमच्या वर्णनात दोन वेगळे दोष मिसळलेले दिसतात. फोटोंत काही फळं आतून पांढरट, स्पंजासारखी आहेत. तो साका. बाहेरून फळ सोन्यासारखं दिसतं, कापल्याशिवाय कळत नाही, बागायतदारालाही नाही. बाकीची फळं काळी पडून लिबलिबीत झालेली आहेत, ती वाटेत उकडली. तुम्हीच पुढे लिहिलंय की त्या पेट्या शुक्रवारी निघाल्या आणि सोमवारी पोहोचल्या. म्हणजे शनिवार-रविवार त्या गोदामात पत्र्याखाली पडून होत्या. साक्यात दोष तुमचा नाही, विक्री तुमची आहे, म्हणून पैसे परत. शुक्रवारी पेट्या पाठवणं मात्र सरळ तुमचा निर्णय होता. या दोन्हींची एकच गोळाबेरीज माफी मागितलीत तर आंबा कळणारं गिऱ्हाईक तुम्हाला लगेच पकडेल.

मी लिहिलं असतं ते साधारण असं:

“गेल्या शुक्रवारी आम्ही मुंबई-पुण्याला पेट्या पाठवल्या. त्या शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात राहिल्या आणि आंबा उकडला. शुक्रवारी पाठवायला नको होत्या, तो निर्णय आम्ही घेतला आणि तो चुकला. त्या दिवशीच्या प्रत्येक पेटीचे पूर्ण पैसे बुधवारपर्यंत परत करतोय, फोटो पाठवायची गरज नाही, यादी आमच्याकडे आहे. काही पेट्यांत साका निघालाय. तो बाहेरून ओळखता येत नाही, पण तुम्ही पैसे आंब्याचे दिलेत, साक्याचे नाहीत. जितकी फळं तशी निघाली तितक्यांचे पैसे कळवलंत की परत. यापुढे गुरुवारनंतर पेटी निघणार नाही.”

यात ‘क्षमस्व’ नाही, ‘गैरसोय’ नाही, ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास’ तर नाहीच. ‘असल्यास’ हा शब्द माफीत आला की ती माफी राहत नाही, चौकशी समिती होते. शेवटी एक ‘माफ करा’ घाला, चालेल. ‘फोटो पाठवायची गरज नाही’ हे वाक्य मात्र काढू नका. आपलं खरं ठरवायला ग्राहकाला पुरावे गोळा करायला लावणं ही दुसरी शिक्षा असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९मध्ये बँकांना हेच बजावलं: एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे गेले तर पाच दिवसांत परत करा, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये द्या, आणि तेही ग्राहकाने न मागता. त्या परिपत्रकात दिलगिरी कुठेच नाही. माझ्या शीटमधल्या सगळ्या उत्तरांपेक्षा त्याने जास्त लोकांना शांत केलं असेल.

कूपन नको. “पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट” म्हणजे ज्याचा आंबा सडला त्यालाच परत खरेदीला बोलावणं. जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले, आणि रात्रंदिवस राबलेल्या भागीदारांना कंपनीने १० डॉलरचं खाण्याचं व्हाउचर पाठवलं. काहींनी वापरायला घेतलं तर ते रद्द झालेलं निघालं. एवढ्यावर वेगळा विनोद करायची गरजच पडली नाही.

पोस्ट टाकलीत की खालच्या प्रतिक्रिया पुसू नका, बंदही करू नका. पहिल्या दिवशी शिव्या येतील. प्रत्येकीला तेच उत्तर चिकटवू नका. जिथे नवीन सांगण्यासारखं आहे तिथेच उत्तर द्या, बाकी राहू द्या. शिव्या देणाऱ्याला शंभर वेळा ‘दिलगीर’ म्हटलंत की चांगली माणसंही वैतागतात. आणि बुधवार म्हणालात तर बुधवारच. यूपीआयने पैसे पाठवून संपलात की गुरुवारी सकाळी एक ओळ टाका: किती पेट्या, किती परत झाले, किती बाकी. बाकी असतील तर का तेही. गुरुवारी तुम्ही गप्प राहिलात तर आदल्या पोस्टमधलं एकही वाक्य खरं धरलं जाणार नाही.

हे सगळं करण्याआधी मुलुंडच्या ताईंना फोन लावा. पोस्ट काढा असं त्यांना अजिबात म्हणू नका. पेटीत किती फळं खराब निघाली ते विचारा, ऐकून घ्या, पैसे पाठवा आणि त्यांच्या घरी अक्षय्य तृतीयेला आमरसाचं काय झालं तेही विचारा. मग पोस्ट लिहायला बसा.